आपली म्हणजे कुणाची

बाळांनो,

तुम्हा दोघांना मराठी वाचता येतं, सावकाश का होईना, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला जास्त सोपं गेलं असतं, कारण आयुष्यभर तेच शिकवलं. पण ही गोष्ट एका मराठी शब्दाची आहे. तो शब्द मी एकदा इंग्रजीत नेला, तेव्हा जे झालं तेच सांगायचं आहे.

आत्ताच का, तर मोठीच्या फोनमुळे. तिच्या लॉ कॉलेजात छोट्या धंदेवाल्यांना आणि सेवाभावी संस्थांना फुकट कायद्याची मदत करणारं केंद्र आहे आणि त्यात तिची निवड झाली, हे तिनं तीन महिन्यांपूर्वी सांगितलं. मला फार आनंद झाला. मग ती म्हणाली, "आजी, तू पण हेच करायचीस ना? बाबा सांगतात, तू निपाणीच्या बायकांचा धंदा उभा करून दिलास. पहिल्या दिवशी आम्हाला प्रत्येकाला एक खरी गोष्ट सांगायची आहे. मी तुझीच सांगणार." फोनमध्ये माझ्या मागच्या भिंतीवर त्या कामाबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र दिसत होतं. तिनं तेही ओळखलं.

मी "बरं बरं" म्हणाले आणि तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं.

तुमच्या बाबांनी ती गोष्ट माझ्याकडूनच ऐकलेली आहे. त्यात खोटं काही नाही, फक्त मधलं काढून टाकलेलं आहे. ते मधलं आता लिहिते. मोठीनं काय सांगायचं ते वाचून तिनंच ठरवावं.

मी बेळगावात मुलींच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मराठी माध्यमाची शाळा. मुली आजूबाजूच्या खेड्यांतून यायच्या. कडोली, कंग्राळी, काही खानापूरकडून येऊन वसतिगृहात राहायच्या. आपल्याकडच्या बोलण्यात 'आपण' आणि 'आपलं' हे शब्द फार सैल वापरतात. "आपल्याला जमणार नाही" म्हणजे मला जमणार नाही. "आपलं चुकलं का?" म्हणजे तुमचं चुकलं का, पण मानानं. आणि "आपली शाळा" म्हणजे तुझी, माझी, सगळ्यांची. शब्द एकच. इंग्रजीत जाताना मात्र कुठला तरी एक अर्थ पक्का करावा लागतो. हे मी दरवर्षी आठवीच्या पहिल्या आठवड्यात शिकवत असे, आणि त्यासाठी माझा एक ठरलेला विनोद होता. एखादी मुलगी म्हणाली, "बाई, आपल्याला हे येत नाही," की मी म्हणायची, "आपल्याला म्हणजे कुणाला? मला तर येतं!" वर्ग हसायचा. ती मुलगी उभीच असायची.

खानापूरकडची एक मुलगी अशीच एकदा उभी राहिली होती. तिची आई रोजानं भातलावणीला जायची. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. ती पुढे वकील झाली, मग बेळगावातल्या एका लॉ कॉलेजात शिकवू लागली. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ती पेढे घेऊन घरी आली. त्यांच्या कॉलेजचं मदत केंद्र सुरू झालं होतं. विद्यार्थ्यांनी शनिवारी गावोगावी बसायचं. बचत गट, छोटी दुकानं, महिला मंडळं यांना अर्ज, करार, घटना, नियमावली असलं काय हवं ते लिहून द्यायचं. फी काही नाही.

"अडचण भाषेची आहे, बाई," ती म्हणाली. "येणारे मराठीत बोलतात. निम्मी मुलं कन्नड शाळेतली. कॉलेजचं टिपण इंग्रजीत ठेवावं लागतं, आणि कचेरीत अर्ज कन्नडमधून. मध्ये कुणी तरी असा पाहिजे की ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? घरात दिवस जात नव्हता, आणि कुणी तरी पुन्हा 'बाई' म्हणून विचारत होतं. त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली, समास आखले, वर तारीख-गाव-विषय अशी घरं केली.

निपाणीची पाळी तिसऱ्या की चौथ्या शनिवारी आली. एका शाळेच्या वर्गात आम्ही बसलो होतो. फळ्यावर सहावीचं अपूर्णांकाचं गणित तसंच होतं. माझ्या शेजारी गोकाककडची एक विद्यार्थिनी होती. घरची कन्नड, मराठी मोडकंतोडकं पण धीट. ती मला अज्जी म्हणायची. मी मराठी ऐकून इंग्रजीत टिपण लिहायचं, तिनं त्यावरून कन्नड अर्ज तयार करायचा, आणि शेवटी माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, म्हणजे आता त्यांच्या मॅडमनी, इंग्रजी वाचून सही करायची, अशी आमची पद्धत.

दुपारी तिथल्याच बौद्ध वस्तीतल्या बायकांचा एक घोळका आला. अकरा जणी. बहुतेकींनी आधी विड्या वळल्या होत्या. तंबाखूनं छातीला त्रास व्हायला लागला तेव्हा त्यांच्यातल्या एकीनं सगळ्यांना गोळा करून कांदा-लसणीचं तिखट करायला लावलं होतं. संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ. भाजणीचं प्रमाण तिचं. तिला सगळ्या आक्का म्हणत. वय पंचावन्नच्या आसपास, आवाज खणखणीत. आता दुकानं त्यांचं तिखट मागत होती, पण परवान्याचा कागद असल्याशिवाय पाकीट ठेवून घेत नव्हती. गटाची नोंदणी व्हायला वेळ लागणार होता, म्हणून मॅडमनी ठरवलं की सध्या नगरसभेकडे एकीच्या नावानं अर्ज करायचा, पुढे गट झाला की बदलून घ्यायचा.

"मग आक्काचंच घाला की," बाकीच्या दहाही जणी एकदम म्हणाल्या.

"माझं कशाला? मला सही बी धड येत न्हाय," आक्का म्हणाल्या.

"आक्का, सही वाकडी असली तरी तिखट सरळ हाय," मागून एक जण बोलली आणि सगळा वर्ग हसला.

त्यांच्यातल्या एकीनं किटलीतून चहा आणला होता. मॅडमनी दोन कप घेतले. मी म्हणाले, "मला बाहेरचं चालत नाही." मला तेव्हा पित्ताचा त्रास होता, हे खरं आहे. पण ते वाक्य त्या वस्तीतल्या बायकांनी आणि त्यांच्या आयांनी किती जणांकडून, कशासाठी ऐकलं असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही. चहा आणणारीनं माझा कप मुकाट्यानं परत किटलीत ओतला.

मी प्रश्न विचारू लागले. नाव, वय, पत्ता, काय बनवता. आक्का आपल्याकडच्या बायका बोलतात तसं "मी भाजतो, मी सांगतो" असं पुल्लिंगी रूपात बोलत होत्या. शाळेत मी असल्या वाक्यांवर लाल पेन चालवलेलं. त्या दिवशीही टिपण लिहिताना मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत होते. त्या काय सांगतात यापेक्षा कसं सांगतात याकडे माझं लक्ष जास्त होतं, हे आज कळतं.

"काम कुठं करता?"

"खोली हाय एक, मागच्या अंगाला. पत्र्याची. भट्टी भायेर."

"जागा कुणाची?"

"आपलीच की वो बाई!"

मी 'जागा' या घरापुढे लिहिलं, 'ओन'. स्वतःची.

शेजारची मुलगी माझ्या वहीत वाकून बघत होती. तिनं पेनाचं टोक त्या शब्दावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "अज्जी, आपली म्हणजे नम्दू अल्लेन्री?" म्हणजे आमचं सगळ्यांचं, नाही का? तिनं अगदी नेमका प्रश्न विचारला होता. बत्तीस वर्षं जो मी वर्गाला विचारत आले, तोच.

मी म्हणाले, "कायद्याच्या कागदात आमचं-तुमचं असं लिहीत नाहीत गं. ओन लिही."

तिनं मान डोलावली आणि कन्नडमध्ये लिहिलं, 'स्वंत', म्हणजे स्वतःची. अर्जदार एकटी, जागा स्वंत. आक्कांनी वाकडी सही केली. दोन मिनिटं लागली असतील. "आपली म्हणजे कुणाची हो आक्का?" एवढंच विचारायचं होतं. माझा ठरलेला विनोद नेमका त्या दिवशी मला सुचला नाही. समोर आठवीतली मुलगी असती, तर सुचला असता.

ती खोली त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारामागची होती. सगळ्या वस्तीनं श्रमदानातून बांधलेली. प्रत्येक घरानं माणूस दिलेला; आक्कांच्या यजमानांनी वाळू वाहिलेली, आणि खोली बांधली त्याच वर्षी ते वारले होते. विहाराच्या मंडळानं बायकांना ती कामासाठी वापरायला दिली होती. आपली म्हणजे सगळ्यांची. आक्कांच्या तोंडी त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

हे मला कळलं ते तीन आठवड्यांनी. अर्ज दाखल झाला, शिक्क्याची प्रत आक्कांना मिळाली. दुसरी एखादी बाई असा कागद ट्रंकेत ठेवून देते. आक्कांनी तो रविवारी वंदनेला नेला, सगळ्यांनी बघावं म्हणून. आपल्या बायकांचं काम सरकारदरबारी नोंदलं गेलं हे सगळ्यांना दिसावं एवढाच त्यांचा हेतू. वस्तीत कन्नड चांगलं वाचणारा एक तरुण होता, कारखान्यात नोकरीला. त्यानं कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचला, मराठी करून सांगितला, आणि 'स्वंत' या शब्दाशी थांबला.

सोमवारी खोलीला कुलूप लागलं. भाजायला काढलेली मिरची बाहेर गोणपाटावर तशीच राहिली.

मॅडमचा मला फोन आला. "बाई, त्या 'ओन' म्हणाल्या होत्या ना नक्की?"

"आपली म्हणाल्या," मी सांगितलं.

"म्हणजे स्वतःची?"

तेव्हाच मला 'आपली'चा दुसरा अर्थ कळला होता. सगळं लख्ख दिसलं होतं. मी म्हणाले, "त्या अर्थानंच म्हणाल्या असणार. नाही तर मी लिहिलं कसं असतं?"

त्या शनिवारी आम्ही तिघी निपाणीला गेलो. विहारात सतरंज्यांवर माणसं बसली होती. एका बाजूला आक्का आणि त्यांच्या दहा जणी. मंडळाचे अध्यक्ष पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते सौम्यपणे बोलत होते. बाकीचे नाही.

"आक्का, आता वंदनेला यायचं म्हटलं तर तुझी परवानगी काढायची काय?" मागून कुणी तरी म्हणालं.

"तसं न्हाय रं—"

"मागची खोली झाली, आता फुडचा हॉल कवा नावावर करतीस?"

"मी आपली म्हटलं वो अण्णा," आक्का म्हणाल्या. "आपली म्हंजे आपल्या समद्यांची. दुसरं काय म्हणणार मी?"

"कागदावर समद्यांची कुठं हाय?" वाचणाऱ्या तरुणानं विचारलं. "अर्जदार तू एकटी. जागा स्वंत. सही तुझी. आमी काय यडी हाय?"

मॅडम उठल्या. त्या स्वतः अशाच वस्तीतून आलेल्या. त्यांना तिथलं दुखणं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या म्हणाल्या, "केंद्राकडून चूक झाली असेल तर ती मी मान्य करीन. पण टिपण लिहिणाऱ्या बाई इथं आहेत. त्यांच्याइतकं काळजीपूर्वक ऐकणारं दुसरं माणूस मला माहीत नाही. बाई, तुम्हीच सांगा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आक्कांच्या चेहऱ्यावर तर हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. त्यांना वाटलं, आता सुटलो. लिहिणारीच सांगणार.

मी म्हणाले, "त्या 'आपली' म्हणाल्या. मी तेच लिहिलं."

एवढंच. दोन्ही वाक्यं म्हटली तर खरी. मी खाली बसले आणि पर्समध्ये चष्म्याचं घर शोधू लागले. चष्मा डोळ्यांवर होता.

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. रागानं नाही. माझं बोलणं अजून संपायचं आहे असं समजून त्या थांबल्या होत्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "मग माझंच बोलायचं चुकलं असंल, अण्णा. माझं नाव काढून टाका. पोरीस्नी खोली द्या, त्यांनी कुणाचं काय केलंय? मी उद्यापासून येत न्हाय."

दहा जणींपैकी दोघी रडू लागल्या. एक म्हणाली, "आक्का न्हाय तर आम्ही बी न्हाय." आक्का तिच्यावर खेकसल्या, "गप बस गं. पोरांची शाळा सोडवायची हाय काय?"

अण्णांनी ते मान्य केलं. त्या भांडणात तोच सगळ्यांना सोपा मार्ग होता. जुना अर्ज मागे घेतला. मंडळाच्या संमतीपत्रासह नवा अर्ज गेला, आणि गटाची रीतसर नोंदणी झाली. सभासद दहा.

परतीच्या बसमध्ये मॅडम पुढे बसल्या होत्या, मी आणि ती गोकाकची मुलगी मागे. तवंदीचा घाट मागे पडला. संकेश्वरला बस थांबली तेव्हा तिनं खिडकीतून शेंगदाण्याची पुडी घेतली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "अज्जी, मी विचारली होती की."

"विचारलं होतं," मी म्हणाले. "'विचारली' नाही."

होय, मी तिचं मराठी दुरुस्त केलं. पुढेही कधी कुणाला तिनं हे सांगितलं नाही. तिनं सांगितलेलं मला आवडलं असतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

मी गप्प का राहिले, हे तुम्ही विचाराल. जी जुनी विद्यार्थिनी माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत होती तिच्यासमोर उघडं पडायची भीती होती, हे एक. ते मी कुणालाही सांगू शकले असते. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. त्या सतरंजीवर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं होतं, की या बाईला बोलणी खायची सवय असेल, मला नाही. हे वाक्य मी मनात जसंच्या तसं म्हटलं होतं. तुमच्या आजीनं. तुमच्या पणजोबांनी मला शाळेत घातलं तेव्हा माणसामाणसांत भेद करू नये हे शिकवलं होतं आणि मी ते मानते असं मी आयुष्यभर समजत होते.

वर्षाअखेर केंद्राचा छोटा कार्यक्रम झाला. मला ते प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर भाषेच्या अचूकतेबद्दल आभार मानलेले आहेत. मी ते घरी आणलं, तुमच्या बाबांनी कौतुकानं फ्रेम केलं, आणि ते हॉलमध्ये लागलं. मी विरोध केला नाही. पुढच्या वर्षी गुडघ्यांचं निमित्त सांगून मी केंद्रात जाणं बंद केलं. निपाणीचं तिखट मात्र दुकानात दिसायचं. मी ते कधी विकत घेतलं नाही आणि घरात कुणी आणलं तर खाल्लंही नाही. पित्त आहे म्हणायची.

मोठीचा फोन आल्यावर मात्र मला रात्रंदिवस एकच दिसू लागलं: दूरदेशीचा एक वर्ग, आणि त्यात उभी राहून माझी नात हे सगळं उजळ करून सांगते आहे. बुधवारी सकाळी मी निपाणीची बस धरली.

आक्कांचं घर विचारत विचारत गेले. त्या दारात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. विड्या वळत होत्या. खोकल्याचा आवाज मला वळणावरूनच आला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या बाई. गुडघं दुखत्यात वाटतं. बसा हितं."

मी उभ्यानंच सांगितलं. वाक्यं घरून तयार करून नेली होती, ती सगळी विसरले. म्हणाले, "आक्का, तुम्ही 'आपली' म्हणालात ती सगळ्यांची या अर्थानं. मी चुकीचं लिहिलं. आणि नंतर सगळ्यांसमोर मला ते माहीत असून मी बोलले नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा. "मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी कळालं. तुम्ही पर्समधी काय तरी हुडकत होता तवाच."

"मग तुम्ही तिथंच का नाही म्हणालात?"

"मी काय म्हणणार? शिकलेली बाई खोटं बोलती म्हणू? कोण ऐकलं असतं?" मग थोडं थांबून, "मला वाटलं, बाई बसमधी चढायच्या आधी तरी बोलतील. मी फाटकापतूर मागं आलतो तुमच्या."

त्या मागून आल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी वळून पाहिलंच नव्हतं.

मी विचारलं, "आता मी काय करू?"

"मला काय विचारता? अण्णांस्नी सांगा. माझ्या नवऱ्यानं वाळू वाहिली त्या खोलीला. त्याची बायको ती लाटायला निघालती, असं अजून बोलत्यात लोक. तेवढं पुसा. बाकी काय नगं."

त्यांनी मला चहा विचारला नाही. तांब्यातून पाणी दिलं, ते मी प्यायले.

मी तिथूनच अण्णांकडे गेले. त्यांच्या घरी बसून मराठीत एक पानी पत्र लिहिलं. काय विचारलं, काय उत्तर आलं, मी काय लिहिलं, आणि विहारात मी काय बोलले नाही. शेवटी पूर्ण सही केली. अण्णांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही तवाच दिलं असतं तर..." रविवारच्या वंदनेनंतर ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं. मी गेले होते. मागे बसले होते. ज्या तरुणानं तेव्हा कागद वाचला होता, त्यालाच अण्णांनी हेही वाचायला सांगितलं. त्यानं चांगलं, सावकाश वाचलं. आक्का आल्या नव्हत्या.

घरी येऊन मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आठवीत तुम्ही मला उभं करून विचारलं होतंत, 'आपल्याला म्हणजे कुणाला?' मी घरी जाऊन रडले होते, पण तो धडा मी कधी विसरले नाही. आज मी माझ्या मुलांना तोच शिकवते. समोरचा बोलला की आधी विचारा, कुणाचं, कुणाला. आक्कांना का नाही विचारलंत?"

मग ती म्हणाली, केंद्राच्या नोंदवहीत ही गोष्ट ती लिहून ठेवणार, माझं नाव न घालता, नव्या मुलांना सांगण्यासाठी. मी म्हणाले, नाव घाल. ती म्हणाली, बघते.

आक्का तिखटाच्या कामावर परत गेल्या नाहीत. गटातल्या दोघी त्यांना बोलवायला गेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, "लोक आता गप झालं, ते बरं झालं. पण मी आता त्या खोलीत येत न्हाय." त्यांची छाती बरी नाही. मी दर पंधरा दिवसांनी जाते. त्या कधी बोलतात, कधी नाही.

मोठे, तुझ्या वर्गात तुला हे सांगायचं असेल तर सांग, सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण ती दुसरी गोष्ट सांगू नकोस. प्रशस्तिपत्र मी भिंतीवरून काढलं आहे. तुमचे बाबा चिडले आहेत, हे त्यांनाही वाचायला देणार आहे.

खोली अजून सगळ्यांची आहे. सकाळी नऊला ती उघडते आणि दहा जणी तिखट करतात. पाकिटावर आक्कांचं नाव नाही. भाजणीचं प्रमाण मात्र अजून त्यांचंच आहे.

तुमची आजी